भिस्तबाग चौक, पाइपलाइन रोड : सावेडीत आपण नेमकं काय हरवलं?

घोडेगावहून नगरला येताना एसटी पांढरी पूल सोडते, इमामपूरचा घाट ओलांडते, जेऊर मागे पडतं आणि शेंडी आली की आतली माणसं पिशव्या सावरायला लागतात. हा रस्ता मला शाळेपासून तोंडपाठ आहे. एमएला असताना दोन वर्षं मी सावेडीत खोली घेऊन राहिले. पत्ता सांगताना ‘भिस्तबाग चौक, पाइपलाइन रोड’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नसे. भिस्त म्हणजे काय आणि बाग कुठे आहे, हे मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानेही मला नाही.

नेहमीच्या वाचकांना माझा विषय माहीत आहे : निजामशाहीतलं नगर आणि त्याच्या भोवतीच्या बागा. आज मात्र बागेबद्दल कमी आणि बागेबद्दल जे लिहिलं गेलंय त्याबद्दल जास्त लिहिणार आहे. माझी तक्रार त्या लिखाणाबद्दल आहे, आणि त्यात माझं स्वतःचं लिखाणही येतं.

आधी थोडी ओळख. १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि तिथूनच निजामशाही आणि नगर शहर दोन्ही सुरू झाली. जिथे जय मिळाला तिथे त्याने आधी बाग केली, बाग निजाम. आजचा भुईकोट किल्ला त्याच जागेवर आहे आणि त्याचं दगडी बांधकाम नंतरचं, हुसेन निजामशहाच्या काळातलं. म्हणजे या शहरात तटबंदीच्या आधी बाग आली. पुढे शहराच्या चहूबाजूंना बागा झाल्या. दक्षिणेकडची फराहबाग सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेकडे, सावेडी गावाच्या शिवारात, दुसरी होती. तिचं आधीचं नाव फैजबख्श, नंतरचं हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. मोठा तलाव, तलावाच्या मध्यात अष्टकोनी इमारत, जवळ लक्कड महाल आणि हमामखाना असा तो सगळा पसारा होता. लोकांच्या तोंडी ‘हश्त’ गळून पडलं, ‘बिहिश्त’चं ‘भिस्त’ झालं आणि उरली भिस्तबाग. जाता जाता एक गंमत : पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती, हा शब्दही याच ‘बिहिश्त’वरून आलाय. स्वर्ग आणि पाणी वाहणारा माणूस एकाच शब्दातून निघाले. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता तक्रारीकडे येते.

नगरच्या कुठल्याही जुन्या वास्तूबद्दल तुम्ही काहीही वाचलं असेल, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, स्मरणिकेत, व्हॉट्सॲपवर, तर त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं : १८८४ साली जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड. माझ्या संशोधन आराखड्यातला भिस्तबागेवरचा परिच्छेदही तिथूनच आला होता. मी तो मराठीत उतरवला, वाक्यांची जागा थोडी बदलली आणि खूश झाले.

आमच्या मॅडमनी तो वाचला आणि पेन्सिलीने समासात एवढंच लिहिलं : ‘तलावात पाणी कुठून आलं?’

मला उत्तर देता आलं नाही. आणि गॅझेटियर समोर असूनही देता आलं नाही याची मला जास्त लाज वाटली, कारण उत्तर त्याच पुस्तकात होतं. फक्त ते बागेच्या पानावर नव्हतं. प्रेक्षणीय स्थळं एका मथळ्याखाली आहेत : अमुक इमारत शहरापासून किती मैल, किती फूट लांब, किती उंच, कोणी बांधली, आता कशी पडलीय. शहराचा पाणीपुरवठा वेगळ्या मथळ्याखाली आहे : कपूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आजूबाजूच्या गावांकडून खापरी नळांनी येणारं पाणी. सरकारी माणसाच्या दृष्टीने ही विभागणी अगदी बरोबर आहे. पडक्या इमारती कुतूहलाच्या यादीत गेल्या. नळ कामाचे होते, ते नगरपालिकेच्या यादीत गेले. पण त्यामुळे झालं काय, की बाग आणि तिचं पाणी यांची जी ताटातूट झाली ती आजपर्यंत कोणी जोडली नाही. आपण सगळे पहिल्या यादीतून उतरवून घेत राहिलो.

गॅझेटियरला नुसती नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून हेही सांगते : त्या माणसांनी मोजमापं लिहून ठेवली नसती तर आज माझ्या हातात फारच थोडं उरलं असतं. दोष त्यांच्या मोजपट्टीत नाही. एकशेचाळीस वर्षं आपण तीच मोजपट्टी धरून बसलो, तो दोष आपला आहे.

मराठीत या नकलेला आणखी तीन ठरलेली वाक्यं चिकटतात. तुम्हालाही ती पाठ असतील. एक : त्या काळी नगरची तुलना कैरो आणि बगदादशी व्हायची. दोन : ताजमहालाची प्रेरणा आपल्या फराहबागेतून घेतली गेली. तीन : चांदबीबीचं काहीतरी.

तिसऱ्याबद्दल फार बोलत नाही. शाह डोंगरावरची ती सुंदर अष्टकोनी इमारत, जिला अख्खा जिल्हा चांदबीबीचा महाल म्हणतो, ती सलाबतखानाची कबर आहे. हाच सलाबतखान भातोडीच्या तलावासाठीही ओळखला जातो. म्हणजे ज्याने पाणी अडवलं त्याच्या कबरीवर आपण एका लढवय्या राणीचं नाव लावून टाकलं. चांदबीबीबद्दल आदर मलाही आहे. पण पाणी अडवणारा वजीर आपल्याला गोष्टीसाठी पुरेसा वाटत नाही, हे त्यातून कळतं.

ताजमहालाचं वाक्य मात्र थोडं सोलून बघू या, कारण ते नुकसान करतं. मध्ये एक मोठं दालन, भोवती आठ खोल्या, अशा मांडणीलाच हश्त बिहिश्त म्हणतात. ही मांडणी इराण आणि मध्य आशियातून आली. तबरीझमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस याच नावाचा राजवाडा होता. इस्फहानमध्ये १६६९ चा याच नावाचा राजवाडा आजही उभा आहे. दिल्लीत हुमायूनची कबर १५७० च्या सुमारास पूर्ण झाली, तिच्यातही हीच कल्पना आहे, आणि आपली फराहबाग पूर्ण झाली १५८३ मध्ये. मग शहाजहानला ही मांडणी बघायला नगरपर्यंत यायची गरजच काय? त्याच्या पणजोबाची कबरच तशी होती. सारखेपणा दिसला म्हणून ‘प्रेरणा’ म्हणता येत नाही. एकाच विद्यापीठातून शिकलेले दोन इंजिनियर सारखे पूल बांधतात, तसं हे आहे.

पण माझा मुद्दा फक्त चूक-बरोबरचा नाही. ताजमहालाचं नाव घेतलं की आपण न बोलता कबूल करतो की नगरच्या इमारतीला स्वतःची किंमत नाही, कोणीतरी मोठं तिच्याकडून काही घेऊन गेलं तरच ती जपण्यालायक. मग ज्या इमारतीला असा ताजमहाल चिकटवता येत नाही तिचं काय होतं? भिस्तबागेचं झालं ते. चौकाला नाव मिळालं, इमारतीकडे लक्ष राहिलं नाही.

या सगळ्यात एका पुस्तकाने मला खरोखर मदत केली. पुष्कर सोहोनी यांचं निजामशाही वास्तुकलेवरचं इंग्रजी पुस्तक, २०१८ चं. निजामशाहीच्या इमारतींवर एवढं सलग आणि गंभीर काम माझ्या वाचनात दुसरं नाही. सोहोनी इमारती सुट्या करून बघत नाहीत. शहर, त्याची उपनगरं, बागा, पाणी, दरबारात इराणकडून आलेली माणसं आणि चालीरीती, हे सगळं एका नकाशावर आणतात. ते वाचल्यावर कळलं की भिस्तबाग ही राजाची हौस म्हणून गावाबाहेर टाकलेली एक इमारत नव्हती. राजा तिथे माणसांना भेटणार, पाहुणे उतरणार, दरबार भरणार. म्हणजे राज्य चालवायची ती एक जागाच. मराठीत हे नीट कोणीतरी आणायला हवं. नगरच्या वाचनालयात बसून वाचणाऱ्या मुलाला ते परवडत नाही आणि अर्ध्यांना ती इंग्रजी जड जाते, हा दोष पुस्तकाचा नाही, पण अडचण आहेच.

तरी एक गोष्ट मला तिथेही खटकली. पुस्तकाच्या उपशीर्षकातच दरबाराची रीत आणि राजाची सत्ता हे शब्द आहेत, त्यामुळे नजर दरबाराकडून बाहेर जाते. पाणी बागेत पोचल्यानंतर काय होतं ते कळतं. ज्या गावातून ते निघालं त्या गावाचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला.

दिवाळीत घरी होते. शेतात चारीच्या कडेला बसून मी त्यांना खापरी नळाचं तंत्र सांगत होते. कल्पना अशी : उंचावरच्या गावाच्या शिवारात विहिरीत किंवा झऱ्यावर पाणी धरायचं. तिथून भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, चुन्यात गाडून, उतार अगदी थोडा थोडा राखत आणायचे. मध्ये मध्ये गाळ बसायला कुंड्या. ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर काढलेले उच्छ्वास, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाईल आणि दाबाने नळ फुटणार नाहीत. मोटेचा बैल लागत नाही, काही लागत नाही. उतार चुकला की मात्र संपलं. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर पुढे खडकीला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर करतो तिची मुळं अशा कामांत आहेत.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, आवर्तन आधी कुणाला होतं?”

आमच्या नेवासा तालुक्यात मुळा उजव्या कालव्याचं पाणी येतं. आवर्तन कधी सुटणार, वरचे किती उचलणार, टेलला किती पोचणार, यावर घराचं गणित चालतं. त्यामुळे कालवा म्हटलं की शेतकऱ्याच्या डोक्यात पहिला विचार तंत्राचा येत नाही, पाळीचा येतो. नगर हा पर्जन्यछायेचा मुलूख. अशा मुलखात शहराबाहेर तलाव बारमाही भरलेला ठेवायचा, त्याच्या मध्यात इमारत उभी करायची, आणि पाहुण्याला त्या पाण्यावरून चालवत आत न्यायचं, यात शोभा आहेच. पण त्या पाहुण्याला ज्या गोष्टीची जाणीव करून द्यायची होती ती वेगळी : या राजाच्या हातात पाणी आहे. शेंडी आणि वडगावच्या शिवारातलं पाणी उचलून शहराकडे आणायचं म्हणजे तिथल्या विहिरींवर कोणाचा तरी हक्क बसवायचा. बाग भरून वाहिली की उरलेलं सावेडीच्या मळ्यांना मिळायचं की नाही, मळेवाले त्याबद्दल काय देत होते, नळ फुटला तर कोण दुरुस्त करायचं, हे प्रश्न अष्टकोनी इमारतीची लांबी-रुंदी मोजून सुटत नाहीत. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी त्या दिवाळीनंतर नव्याने लिहायला घेतलं. आधीचं शीर्षक ‘भिस्तबागेची वास्तू’ होतं. आता ‘भिस्तबागेचं पाणी’ आहे.

आणि मग मला पाइपलाइन रोड पहिल्यांदा दिसला. म्हणजे तिथे दोन वर्षं राहिले होते, रोज त्यावरून चालत होते. पण तो काय आहे ते आता कळलं. शहराला आज मुळा धरणाचं पाणी मिळतं, विळदहून उपसून वसंत टेकडीला चढवलेलं. ज्या उपनगराला एकेकाळी बागेचं नाव मिळालं होतं, त्याच्या मुख्य रस्त्याला आज नळाचं नाव आहे. भिस्तबाग चौक त्याच पाइपलाइन रोडवर आहे. बाग आणि पाणी गॅझेटियरने वेगळे केले, सावेडीच्या पत्त्याने ते नकळत परत शेजारी आणून ठेवले. आणि आमच्या तालुक्याच्या चारीतलं पाणी नि सावेडीच्या नळातलं पाणी एकाच धरणाचं. आवर्तनाचा प्रश्न वडिलांनी पाचशे वर्षांपूर्वीच्या बागेला विचारला खरा, पण तो आजही तितकाच लागू होतो.

आता, हे सगळं एवढं लांबवून का सांगतेय? कारण सावेडीत बांधकामं थांबलेली नाहीत, आणि आपण चुकीच्या गोष्टीवर नजर ठेवून बसलोय.

वारसा वाचवायचा म्हणजे इमारत वाचवायची, हे आपल्या कायद्यातही मुरलेलं आहे. १९५८ चा पुरातत्त्वाचा केंद्रीय कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती बघा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. वास्तू मध्ये धरून भोवती वर्तुळ काढायचं, अशी ही कल्पना आहे. एखाद्या कबरीला, मशिदीला, देवळाला ती ठीक बसते. पण नळ ही काही किलोमीटर लांबीची रेघ आहे. ती पाच-सहा गावांच्या शिवारातून, शेकडो गटांतून जाते. तिच्याभोवती वर्तुळ कसं काढणार? उद्या समजा भिस्तबागेतल्या उरल्यासुरल्या भिंतींना कुंपण घातलं, फलक लावला, दिवे सोडले, तरी तलावात पाणी आणणारी रेघ प्लॉटिंगखाली गेलेली असेल. मग तो फलक ‘येथे सुंदर तलाव होता’ एवढंच म्हणू शकेल. कसा होता, ते सांगायला जमिनीत काही उरलेलं नसेल.

इथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे. आमच्याच विभागातल्या एका मित्राने तो घेतलाही : लोकांना राहायला घरं हवीत, तू चारशे-पाचशे वर्षांच्या फुटक्या खापरासाठी पाया खणायचं थांबवणार का? नाही. मी स्वतः त्या वस्तीत भाड्याने राहिलेय. घोडेगाव, सोनई, शेवगाव, पाथर्डीकडून शिकायला आणि नोकरीला आलेली माणसं सावेडीत राहतात, आणि त्यांच्यामुळेच हे उपनगर वाढलं. त्यांना दोष देऊन लिहिलेले ‘गेले ते दिवस’ छापाचे लेख मला अजिबात आवडत नाहीत. त्या लेखांत नेहमी असं असतं की पूर्वी इथे रम्य बाग होती आणि मग माणसं आली. माणसं आधीही होती. सावेडी गाव बागेच्या शेजारीच होतं, मळे होते, पाणक्ये होते, नळ साफ करणारे होते. त्यांचं नाव कुठल्या तवारिखेत नाही, म्हणून ती जागा रिकामी होती असं नाही.

थांबवा असं मी म्हणत नाही, नोंद करा एवढंच म्हणतेय. इमारत पडताना निदान दिसते, कोणीतरी फोटो काढतं, बातमी येते. नळ दिसत नाही. जेसीबीच्या बकेटमध्ये खापराचे तुकडे आणि चुन्याचा गोळा येतो, ड्रायव्हरला तो राडारोडा वाटतो आणि डंपर भरून जातो. अर्ध्या तासाचा खेळ.

मागच्या महिन्यात भिस्तबागेत परत जाऊन आले. कमानींमध्ये गवत होतं, दगडांवरचा चुना जागोजागी सुटलेला, पोरं क्रिकेट खेळत होती. आधी गेले होते तेव्हा मी इमारतीचे फोटो काढले होते, चाळीसेक. या वेळी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि उत्तरेकडे बघितलं. जमीन कुठून कुठे उतरते ते डोळ्यांनी ठरवायचा प्रयत्न केला. अपार्टमेंट मध्ये येतात, त्यामुळे फार लांबचं दिसत नाही. एका पोराने विचारलं, “ताई, तिकडं काय बघताय? महाल मागं आहे.” मी म्हटलं, पाणी कुठून यायचं ते बघतेय. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “पाइपलाइनमधून.” चूक म्हणता आलं नाही.

तर सावेडी, शेंडी, वडगाव गुप्ता, कपूरवाडी या बाजूला तुमचं शेत असेल, प्लॉट असेल, किंवा तुम्ही तिकडे बांधकामावर असाल, तर एवढं करा. खणताना भाजक्या मातीचे, एकात एक बसलेले नळ दिसले, भोवती पांढरा चुना दिसला, किंवा बांधावर कशाचा म्हणून ओळखू न येणारा चौकोनी दगडी खांब आत पोकळ निघाला, तर तो फोडायच्या आधी दोन फोटो काढा. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. दुसरा लांबून, आजूबाजूचं ओळखू येईल असा. गट नंबर लिहा, किती फूट खोल सापडलं ते लिहा, आणि नळाचं तोंड कोणत्या दिशेला होतं तेही लिहा. दिशा विसरू नका, सगळं तिच्यावरच आहे. काम थांबवायची गरज नाही.